घांघरियातला मुक्काम टाळू नका

काल रात्री आत्याचा फोन आला. जुलैअखेरीस ती, आतोबा आणि भिशीतल्या चौघी जणी उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला निघाल्यात. घांघरिया हे त्या व्हॅलीखालचं मुक्कामाचं शेवटचं गाव. सगळे साठीच्या पुढचे. ग्रुपवरचा मेसेज वाचून तिने जोशीमठात चार रात्रींचं हॉटेल घेऊनही टाकलं. मेसेज असा: "घांघरियात राहू नका, लुटतात. जोशीमठ किंवा औलीला राहा, सकाळी जाऊन संध्याकाळी परत या. निसर्ग हवा असेल तर नदीकाठचा कॅम्प घ्या, नाहीतर व्हॅलीतच तंबू टाका. पैसे वाचवायचे तर गुरुद्वारा आहेच."

हे लिहिणारा माणूस ती वाट चढलेला नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

सकाळी जाऊन संध्याकाळी परत? हिशेब करा. जोशीमठ ते गोविंदघाट वीसेक किलोमीटर, दरड पडली नसेल तर तासाभराचा रस्ता. तिथून पुलनापर्यंत 4 किलोमीटर जीप, आणि गाडीरस्ता संपला. पुढे घांघरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटर पायी, सगळा चढ. गोविंदघाट 1,800 मीटरच्या आसपास, घांघरिया 3,000 च्या वर. मला चाळिशीत पाच तास लागले होते. आत्याला सात धरा. पहाटे पाचला निघाली तरी घांघरियाला पोचेपर्यंत दुपारचा दीड वाजणार, आणि फुलं अजून तीन-चार किलोमीटर पुढे! वनखात्याचा नियम साधा आहे: सकाळी सातला प्रवेश सुरू, संध्याकाळी पाचच्या आत सगळे बाहेर, रात्री आत कोणी राहायचं नाही. म्हणजे सात तास चढून अर्धा तास फुलं बघायची आणि मग पावसात, अंधारात, ओल्या दगडांवरून तेरा किलोमीटर उतरायचं. पुलनाला पोचलात तरी डोंगरातल्या रस्त्यांवर रात्री वाहतूक थांबवतात. औलीहून तर अंतर आणखी वाढतं.

"खेचर करू की," आत्या म्हणाली. खेचर घांघरियापर्यंतच. व्हॅलीत त्यांना बंदी आहे, तिथे स्वतःचे गुडघेच चालवायचे. म्हणून तर आदल्या रात्रीची झोप वरच व्हायला हवी.

व्हॅलीत तंबू टाकण्याचा सल्लाही त्याच नियमाने निकालात निघतो. 1982 पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, 2005 पासून जागतिक वारसा. लोक असे मेसेज पुढे ढकलतात तरी कसे?

नदीकाठच्या कॅम्पबद्दल एवढंच: जून 2013 च्या पुरात गोविंदघाटला नदीकाठची बांधकामं आणि उभ्या गाड्या वाहून गेल्या. पावसाळ्यात नदीपासून वर, पक्क्या इमारतीतच खोली घ्या.

घांघरिया महाग आहे, हे मात्र खरं. सगळं सामान खेचरांच्या किंवा माणसांच्या पाठीवरून वर येतं, त्यामुळे जेवणापासून गरम पाण्याच्या बादलीपर्यंत सगळ्याचे पैसे जास्त पडतात. खोल्या ओलसर, माझे मोजे तीन दिवस वाळले नव्हते. पण याला लूट म्हणू नका. गुरुद्वाऱ्यात सोय होते हेही खरं, फक्त ती वरच्या हेमकुंड या शीख तीर्थाच्या यात्रेकरूंसाठी आहे. गर्दीच्या दिवसांत दालनात घोंगड्यांवर दाटीवाटीने झोपायची तयारी हवी, आणि निघताना दानपेटीत हात सैल सोडावा.

जोशीमठ मुळीच नको, असंही नाही. जाता-येता एकेक रात्र तिथे राहणं सोयीचं पडतं. पण जानेवारी 2023 मध्ये तिथली घरं तडकली आणि कुटुंबं हलवावी लागली. गाव जुन्या दरडीच्या ढिगावर बसलंय हे सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने 1976 मध्येच सांगितलं होतं. तेव्हा हॉटेल कोणत्या भागात आहे आणि भिंतींना तडे आहेत का, हे फोनवर स्पष्ट विचारा.

आत्याचं बुकिंग आज सकाळी बदललं. जोशीमठात जाताना एक रात्र, येताना एक. मधल्या तीन घांघरियात: पोचल्यावर आराम, दुसऱ्या दिवशी व्हॅली, तिसरा दिवस हेमकुंडला किंवा, व्हॅलीचा दिवस पावसाने घालवला तर, पुन्हा फुलांना. आता तिने तेवढं भिशीतल्या चौघींना कळवायचं आहे.