शेजाऱ्याला सर्दी झाली आहे

बाजूच्या घरात नवा भाडेकरू आला आणि रात्री-अपरात्री तिथे माणसांची रीघ लागली, तर आधी मन मोठं करा. माणूस गोतावळ्याचा दिसतो. पाहुणे दोन मिनिटांत परत जातात, गाडीचं इंजिनही बंद करत नाहीत, बेल न वाजवता फोन करून त्यालाच खाली बोलावतात. तुमची झोपमोड होऊ नये म्हणून किती ती काळजी!

मग वास सुरू होईल. आधी मांजराच्या मुतासारखा. हा अमोनिया असावा, असं एखादा दीडशहाणा म्हणेल. त्यांच्याकडे मांजर नाही हे खरं, पण आणायचा विचार चालू असेल. चार दिवसांनी ॲसिटोनचा भपकारा येईल, म्हणजे नेलपॉलिश काढताना येतो तोच. नखांची निगा राखणं काय गुन्हा आहे? कचऱ्यात सर्दीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं ढिगाने निघतील. त्यांतल्या स्यूडोएफेड्रिनपासून मेथॅम्फेटामिन नावाचा अमली पदार्थ बनवतात आणि म्हणून कितीतरी देशांत त्या मोजूनमापून विकतात, हे वाचलं असेल तर विसरा. बिचाऱ्याला सर्दी झाली आहे. इतकी, की स्वतःच्या घरातला वास त्याला येत नाही. वारं लागू नये म्हणून तर खिडक्यांना आतून फॉइल चिकटवलंय.

जिन्यात अंगठ्याच्या नखाएवढ्या प्लास्टिकच्या पिशव्या, खालून काळी पडलेली फॉइलची पट्टी, रिफिल काढलेली पेनाची नळी असं काहीबाही सापडेल. मुलांची हस्तकला, दुसरं काय! (सुई दिसली तर मात्र हात लावू नका. हे खरंच सांगतोय.)

कुणाकडे दिवसरात्र पंखे घरघरत असतील, पडद्याच्या फटीतून कधीच न विझणारा उजेड येत असेल, काचा आतून ओल्या असतील, आणि मीटरला वगळून एक वायर परस्पर आत गेली असेल, तर त्यांना झाडांचा शौक आहे. कुठल्या झाडांचा, ते विचारणं बरं दिसत नाही.

संशय घ्यायची फारच हौस असेल, तर केस वाढवून गिटार घेऊन फिरणाऱ्या पोरावर घ्या. तो पोरगा रात्री नऊला झोपत असला तरी चालेल. तारेवर बुटांची जोडी लटकलेली दिसली, म्हणजे जवळपास अमली पदार्थ मिळतात असं लोक म्हणतात ती, तर आणखी उत्तम. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, त्यामुळे चर्चा हवी तितकी लांबवता येते.

दार ठोठावून जाब विचारू नका, तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर टिपून ठेवा, नाव न सांगताही कळवता येतं, असं पोलीस सांगतात. यातलं पहिलं तेवढं पाळा. दार ठोठावायचं नाही, हे आपल्याला आधीपासूनच जमतं. बाकी नंबर टिपायचा तो गाडी आपल्या जागेत लावली असेल तरच. तेव्हा मात्र रात्री दोन वाजता खाली उतरून अख्खी गल्ली जागी केलीत तरी कुणी नावं ठेवणार नाही.