दिवा विझला म्हणजे दाब वाढला असे नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे आणि सेन्सर बदलण्यापूर्वी वेगळ्या गेजने दाब मोजून घ्यावा, असे मी लेखात लिहिले होते. ही विनाकारण घातलेली भीती आहे, बहुतेक वेळा सेन्सरच बिघडलेला असतो आणि डिपस्टिकवर ऑइल पुरेसे असून इंजिनाचा आवाज येत नसेल तर सरळ नवा सेन्सर बसवावा, असे आपले म्हणणे आहे. आपल्या गाडीचा दिवा फक्त इंजिन तापल्यावर, गाडी थांबलेली असताना लागत होता आणि नवा सेन्सर बसवताच तो लागेनासा झाला, हा आपण दिलेला पुरावा.

आपल्या म्हणण्यातला एक भाग मला मान्य आहे. सेन्सरचा कनेक्टर काढल्यावर आत ऑइल झिरपलेले दिसले, तर तो सेन्सर गळतो आहे हे उघड आहे आणि तो बदलण्यासाठी गेजची वाट पाहण्याचे कारण नाही. ही तपासणी मी लेखात सर्वांत आधी सांगायला हवी होती. ती आता जोडतो आहे. सेन्सर म्हणून एकाच वायरचा साधा स्विच असलेल्या गाडीत वायर काढूनही दिवा लागलेलाच राहिला, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे, हेही त्यात येईल. मात्र वायर काढल्यावर दिवा विझला म्हणून स्विच खराब ठरत नाही, कारण दाब खरोखरच कमी असला तरीही तो तसाच विझेल.

डिपस्टिकविषयी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यात, ऑइल किती आहे एवढेच ती सांगते. पंप ते उचलतो का आणि बेअरिंगपर्यंत किती दाबाने पोहोचवतो, हे तिच्यावरून कळत नाही. पंपाच्या तोंडाची जाळी गाळाने बुजलेली असो, पंप झिजलेला असो किंवा दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असो, डिपस्टिक पूर्ण भरलेलीच दिसते. आवाजाचेही तसेच आहे. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, बेअरिंगमध्ये ऑइलच्या अत्यंत पातळ थरावर फिरतो, आणि तो थर तुटून धातू धातूला घासू लागल्यानंतरच ठोके ऐकू येतात, म्हणजे आवाज येईपर्यंत नुकसान झालेले असते.

आता आपल्या गाडीचे लक्षण पाहू, कारण खरा गोंधळ तिथेच होतो. तापलेले ऑइल पातळ झालेले असते आणि आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, पंपही सर्वांत हळू फिरतो, त्यामुळे दाब नेमका त्या वेळी सर्वांत कमी असतो. अशा स्विचचा दिवा साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली लागतो. झिजलेल्या इंजिनाचा दाब याच स्थितीत त्या रेषेखाली जातो, आणि ज्या जुन्या स्विचची रेषा वर सरकली आहे तोही सर्वप्रथम याच स्थितीत दिवा लावतो. लक्षण एकच असल्याने केवळ दिव्यावरून निवाडा करता येत नाही. शिवाय दाब ०.४ बार असताना ०.५ वर लागणारा जुना स्विच काढून ०.३ वर लागणारा नवा बसवला, तर दिवा विझेल. दाब मात्र जिथे होता तिथेच राहील.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. माझ्या गाडीतही सेन्सर बदलल्यावर दिवा लागेनासा झाला आणि काही आठवड्यांनी पुन्हा लागू लागला. तेव्हा कुठे गेज लावले. चेंबर उघडल्यावर जाळी निम्म्याहून अधिक बुजलेली निघाली. मधल्या काळात मी निश्चिंतपणे गाडी चालवत होतो, याचे मला आजही वाईट वाटते.

गेज लावणे अवघड नाही. सेन्सर काढून त्याच्या जागी योग्य आट्यांच्या अडॅप्टरने ते जोडावे, इंजिन पूर्ण तापू द्यावे आणि आयडलिंगला व २,००० आरपीएमला असे दोन आकडे टिपून घ्यावेत. तुलना कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी करावी. दर १,००० आरपीएमला सुमारे १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार, हा जुना ठोकताळा सर्व नव्या इंजिनांना लागू पडत नाही. सेन्सर परत बसवताना वॉशर नवा घ्यावा आणि ज्याचे अर्थिंग आट्यांतूनच होते त्याला टेफ्लॉन टेप गुंडाळू नये.

आपल्या गाडीत सेन्सरच दोषी असण्याची शक्यता आहे, हे मी नाकारत नाही. फक्त तिचा दाब अजून कोणी मोजलेला नाही. तो एकदा तापलेल्या इंजिनावर मोजून दोन्ही आकडे आणि इंजिनाचे मॉडेल कळवावे, ही विनंती. ते ठीक निघाले तर आपले उदाहरण मी लेखात आपल्या बाजूने नोंदवीन.