‘कॅनडासुद्धा सायकल ट्रॅक उखडतोय’

पुण्याहून मामेभावाने एक बातमी पाठवली आणि खाली लिहिले, ‘बघ, तुमचा कॅनडासुद्धा सायकल ट्रॅक उखडतोय, मग आमच्याच महापालिकेने ते कशाला जपायचे?’ बातमी खोटी नव्हती, पण अर्धीच होती. ऑन्टारिओ प्रांतात डग फोर्ड यांच्या सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये कायदा करून टोरांटोच्या ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या तीन रस्त्यांवरील सायकल मार्गिका काढण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. शिवाय यापुढे मोटारींची मार्गिका कमी करून सायकलींना जागा द्यायची असेल, तर शहरांनी आधी प्रांताची परवानगी घ्यावी, अशी अट घातली. कारण अर्थातच वाहतूक कोंडीचे दिले. सायकलस्वार न्यायालयात गेले आणि 30 जुलै 2025 रोजी न्यायमूर्ती पॉल शाबास यांनी हा घाट घटनाबाह्य ठरवला: मार्गिका काढल्याने कोंडी सुटेल याचा पुरावा नाही, उलट सायकलस्वारांच्या जिवाला असलेला धोका मात्र वाढेल. सरकारच्याच सल्लागारांनीही आधी असाच इशारा दिला होता. सरकारने या निकालाविरुद्ध अपील केले.

मी ब्लूरवरूनच कामाला जातो. गिऱ्हाईक तुटले, ही तिथल्या काही दुकानदारांची तक्रार मी खोटी मानत नाही. पण इथला वाद निदान एका खऱ्या वस्तूवरून चालला आहे. त्या मार्गिकेवर लोक रोज सायकल चालवतात आणि जानेवारीत पालिकेचे छोटे यंत्र तिच्यावरचा बर्फही काढते (नेहमी वेळेवर नाही, हे मान्य).

पुण्यात 2006 मध्ये बीआरटीबरोबर (बससाठी राखीव मार्ग) सातारा रस्त्यालगत सायकल ट्रॅक आले आणि डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने संपूर्ण शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. ते ट्रॅक मोडायला कोणाला कायदा करावा लागला नाही. मधेच येणारे विजेचे खांब, टपऱ्या आणि लावून ठेवलेल्या दुचाक्या यांनी ते काम परस्पर उरकले. त्यामुळे सायकलींना जागा दिल्याने पुण्यात कोंडी वाढते की घटते, हे तपासण्याइतका मोकळा ट्रॅक फारसा कुठे उरलाच नाही, आणि न झालेल्या प्रयोगाला अपयशी ठरवणे मला पटत नाही.

मामेभावाला मी एवढेच विचारले, की तुझ्या घरासमोरचा ट्रॅक नेमका कुठे आहे. बराच वेळ गेला, मग उत्तर आले: ‘मी गाडी लावतो ना, तिथेच.’