बाविसाव्या दिवसाचा प्रश्न

सलग २१ दिवस गोड बंद, रात्री आठनंतर खाणे बंद आणि रोज ५०० कॅलरी कमी. एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून मोजणी. एवढे केले की सवय लागते, शरीर नव्या वजनाला सरावते, मग पूर्वीसारखे खाल्ले तरी वजन वाढत नाही; आणि ज्यांचे वाढते त्यांची जिद्दच कमी पडलेली असते. अशा आशयाचा संदेश वरचेवर फिरत असतो. गोड कमी करा, रात्री उशिरा खाऊ नका, हे त्यातले सल्ले वाईट नाहीत, आणि त्यांच्या आधारावरच बाकीचा मजकूरही खपून जातो. तो मात्र तपासण्यावर टिकत नाही.

२१ हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या बदललेल्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे ‘किमान’ गळाले, चेहराही गळाला आणि आकडा तेवढा उरला. सवयींवरचा खरा अभ्यास फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात केला आणि तो २०१० मध्ये छापून आला. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकच साधी कृती निवडून ती १२ आठवडे रोज ठराविक प्रसंगाला जोडून केली. ती विनासायास होऊ लागण्यास लागणारा काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा निघाला (यातला मोठा आकडा अर्थातच गणिताने पुढचा अंदाज बांधून काढलेला आहे) आणि मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना त्याहून अधिक काळ लागला असा मधला आकडा) ६६ दिवसांचा आला. पेलाभर पाणी पिण्यासारखी कृती लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला अधिक वेळ लागला.

एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेला विशेष धक्का बसत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले. म्हणून ‘पुन्हा पहिल्यापासून’ हा नियम मला या संदेशातला सर्वांत घातक भाग वाटतो. दुपारी कोणाच्या वाढदिवसाचा केक खाल्ला की मोजणी शून्यावर येते, मग ‘आजचा दिवस तर गेलाच’ म्हणून रात्रीचे जेवणही हात सैल सोडून होते, आणि केकच्या तुकड्याने जे नुकसान झाले नसते ते या नियमाने होते.

५०० कॅलरींचे गणित कागदावर देखणे दिसते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी धरल्या, तर वर्षाला जवळजवळ २४ किलो उतरायला हवेत. प्रत्यक्षात वजन घटते तसा शरीराचा खर्चही घटतो, कारण लहान झालेल्या शरीराला चालायला, उभे राहायला आणि नुसते जगायलाही कमी ऊर्जा पुरते. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेल्या केव्हिन हॉल यांनी २०११ मध्ये मांडलेल्या गणिती प्रारूपानुसार, तेवढीच कपात टिकवून धरली तरी पहिल्या वर्षी या अपेक्षेच्या साधारण निम्मेच वजन उतरते आणि पुढे घट मंदावत जाते. याउलट पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो तो बराचसा पाण्यामुळे. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (यकृत आणि स्नायूंतल्या साखरेच्या साठ्याच्या) दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. साठा वापरला गेला की तेही जाते आणि साठा भरला की परत येते. २१ दिवसांच्या यशोगाथांमधील छायाचित्रे पाहताना हे ध्यानात ठेवावे.

आता शरीर नव्या वजनाला ‘सरावते’ या दाव्याकडे येऊ. घडते ते नेमके उलटे. हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अंदाजानुसार, उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, तर भूक सुमारे १०० कॅलरींनी वाढते. म्हणजे पाच किलो उतरवलेल्या माणसाची भूक आधीपेक्षा रोज ५०० कॅलरी जास्त मागते. ऑस्ट्रेलियातील २०११ च्या एका अभ्यासात वजन उतरल्यानंतर वर्षभरानेही भुकेशी संबंधित हार्मोन मूळ पातळीवर आलेले नव्हते. अशा वेळी वजन परत वाढले म्हणून माणसाच्या जिद्दीवर बोट ठेवणे हे अज्ञान आहे आणि अन्यायही. बाविसाव्या दिवसापासून ‘पूर्वीसारखे खा’ असे सांगणारा संदेशच वजन परत वाढवण्याचा रस्ता दाखवतो.

वजन टिकवणारी माणसे असतात. अमेरिकेत १९९४ पासून चालवलेल्या एका नोंदवहीत किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर तरी राखलेल्यांच्या सवयी नोंदल्या जातात. बहुतेकांचे रोज सुमारे तासभर चालणे किंवा तत्सम श्रम, आठवड्यातून निदान एकदा वजन करणे आणि सुट्टीच्या दिवशीही इतर दिवसांसारखेच खाणे, या गोष्टी त्यात पुन्हा पुन्हा आढळतात. ही यशस्वी झालेल्यांचीच यादी असल्याने तिच्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण त्यातल्या एकाही सवयीला समाप्तीची तारीख नाही.

रात्रीचे खाणे बंद करण्याबाबत एक सूचना या संदेशात हवीच होती. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण टाळल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. त्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत.