आत्याचा ओटीपी मागू नका

आज दुपारी एका बँकेच्या हेल्पलाइनवरून माझ्या आत्याला सल्ला मिळाला. "मॅडम, घरात कोणी दिसणारं असेल तर त्यांच्याकडून करून घ्या ना. ओटीपी आला की त्यांना सांगा." हीच बँक एरवी मेसेज पाठवत असते की ओटीपी कुणालाही सांगू नका. तेव्हापासून माझं डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

तुमच्यापैकी बरेच जण आत्याला ओळखता. शाळेत गणित शिकवायची. काचबिंदूनं दृष्टी गेली, पण टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी फोनमधली सोय) लावून फोन अशी झपाझप चालवते की बघत राहावं. आवाजाचा वेग एवढा ठेवते की मला एक शब्द कळत नाही. वीजबिल, रिक्षा, औषधं, सगळं तिचं ती बघते. आज फक्त केवायसी अद्ययावत करायची होती. साइट उघडली तर फोन बोलायला लागला: "अनलेबल्ड बटन. अनलेबल्ड बटन. अनलेबल्ड बटन." म्हणजे बटणांना नावंच दिलेली नाहीत; पुढे जा कुठलं, रद्द करा कुठलं, काही पत्ता नाही. ते चाचपत पार केलं तर कॅप्चा आला, चित्रांचा, ऐकायची सोय नसलेला. तोही मी सांगितला. मग सेल्फी: चेहरा गोलात आणा, डोळे मिचकवा. अहो, गोल कुठे आहे हे तिला कोण सांगणार? तेवढ्यात वेळ संपली आणि पान परत पहिल्यापासून!

आणि हे सगळं सुप्रीम कोर्टानं सांगून झालेलं आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ ला निकाल आला. डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टानं म्हटलं. एकूण २० निर्देश दिले. कॅमेऱ्यासमोर खरंच जिवंत माणूस आहे हे तपासायला डोळे मिचकावण्याशिवाय दुसरे मार्ग ठेवा, हे त्यातच आहे. हल्ल्यात डोळे भाजलेल्या बाईला "डोळे मिचकवा" सांगणारा पडदा देशभर चालू होता, आणि तो बंद करायला तिला थेट सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं. माझ्या आत्यासमोर आज तोच पडदा होता.

हो, मान्य, खोटी खाती उघडली जातात, तपासणी कडक हवीच. पण बटणाला नाव दिलं म्हणून कुठल्या चोराचं फावतं?

खरं दुखणं तिथेच आहे. आत्याला सेवेकरी नकोय. बटण बनवताना त्याला एक नाव लिहायचं असतं, एका ओळीचं काम. मजकुराचा रंग आणि मागचा रंग यांतला फरक किमान ४.५ ला १ असावा, माऊस न धरता नुसत्या कीबोर्डवर सगळं चालावं, हे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या जागतिक निकषांत कधीपासून लिहून ठेवलंय. त्यांची पहिली आवृत्ती १९९९ ची. आपला दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, आणि तो खासगी सेवांनाही लागू आहे. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं तर मोतीबिंदू झालेल्या प्रत्येक आजी-आजोबांना छळतात. मग अडलंय कुठे? "अशी माणसं आपली साइट वापरत नसतील" हे गृहीत धरण्यात. कशी वापरतील? तुम्ही दारच लावून घेतलंय.

मराठीची तर वेगळीच रड. परिपत्रक स्कॅन करून पीडीएफमध्ये डकवायचं, म्हणजे फोनला त्यात फक्त एक चित्र दिसतं. नाहीतर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करायचं. तो वाचताना आत्याचा फोन जे काही बरळतो, ते एकदा ऐकाच.

आत्या चिडली नाही, तेच मला जास्त लागलं. हेल्पलाइनचा फोन ठेवून म्हणाली, "अगं, ती पोरगी तरी काय करणार, तिला लिहून दिलंय तेच ती बोलते." खरंय तिचं. त्या मुलीवर माझा राग नाहीच. मग फोन बाजूला ठेवून म्हणाली, "पैसे माझे, सही माझी, आणि माझा पासवर्ड दुसऱ्याला ठाऊक असायचा, हे मला नको वाटतं." एवढंच बोलली. केवायसी झालेली नाही. सोमवारी शाखेत जायचं म्हणतेय, तेही एकटीनं.

आता तुमच्याकडे दोन मागण्या. हिंजवडी-खराडीत ॲप बनवणाऱ्यांनो, सेटिंग्जमध्ये जाऊन टॉकबॅक सुरू करा, डोळे मिटा आणि स्वतःच्याच ॲपमध्ये लॉगिन करून दाखवा. लॅपटॉपवर तेच काम करणारं एनव्हीडीए फुकट मिळतं, २००६ पासून. 'क्लायंट त्याचे पैसे देत नाही' हे कारण मला सांगू नका. आणि बाकीच्यांनो, 'यशवंतराव' नाट्यगृहातल्या प्रयोगाचं पोस्टर टाकलंत तर नाटकाचं नाव, तारीख, वेळ, तिकीट खाली टाइपही करा. आत्याला नाटकं आवडतात आणि ती फेसबुकवर आहे.