किती वर्षे, या प्रश्नाचे पहिले उत्तर अंतिम नसते

फॉलिक्युलर लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा सावकाश वाढणारा कर्करोग. मुंबईहून त्याचे निदान होऊन रुग्ण कणकवलीला परत येतो, तेव्हा फाइलमध्ये ‘हाय रिस्क’ असा शेरा असला की नातेवाईक आम्हा गावातल्या डॉक्टरांना विचारतात, "डॉक्टरांनू, आवशीक अजून किती वर्सां?" या उत्तरावर कोणी कलमांची बाग विकायला काढतो, तर कोणी उपचारच नको म्हणतो. म्हणून तो शेरा कुठून येतो, हे सविस्तर लिहितो आहे.

2004 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लिपी’ या निर्देशांकात पाच गोष्टी मोजतात: वय 60 च्या वर, आजाराचा तिसरा किंवा चौथा टप्पा, हिमोग्लोबिन 12 पेक्षा कमी, रक्तातले वाढलेले एलडीएच (पेशींची झीज-मोड वाढली की रक्तात वाढणारे एक विकर) आणि चारपेक्षा अधिक ठिकाणच्या बाधित ग्रंथी. यांपैकी तीन किंवा अधिक असल्यास धोका जास्त मानतात, आणि मूळ अभ्यासात या गटातले सुमारे 36 टक्के रुग्ण दहा वर्षांनी हयात होते. मात्र ते रुग्ण 1985 ते 1992 या काळातले, म्हणजे रिटुक्सिमॅब हे लिम्फोमाच्या पेशींना नेमके लक्ष्य करणारे प्रतिपिंड-औषध वापरात येण्यापूर्वीचे होते. त्यांची टक्केवारी आजच्या रुग्णाला जशीच्या तशी सांगणे मला अन्यायाचे वाटते.

हिमोग्लोबिनचा मुद्दा तर आपल्याकडे फारच जपून वाचला पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. शेतात राबणाऱ्या, शेवटी उरलेसुरले जेवणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन साडेदहा असेल, तर ते लिम्फोमामुळे की वर्षानुवर्षांच्या लोहाच्या कमतरतेमुळे, हे निर्देशांकाला कळत नाही. फेरिटिनची (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी) साधी रक्ततपासणी करून घ्यावी, असा माझा आग्रह असतो.

निदानाच्या दिवशीच्या या बेरजेपेक्षा उपचार सुरू झाल्यानंतरची पहिली दोन वर्षे पुष्कळ अधिक सांगून जातात. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात आर-चॉप (रिटुक्सिमॅब आणि केमोथेरपी यांचा एकत्रित उपचार) घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे 20 टक्क्यांचा आजार दोन वर्षांच्या आत पुन्हा बळावला, आणि त्यांच्यात पुढची पाच वर्षे जगण्याचे प्रमाण 50 टक्के होते. उरलेल्यांत ते 90 टक्के होते. एवढा मोठा फरक पहिल्या दिवशीच्या कागदावर दिसूच शकत नाही.

लक्षणे नसलेल्या काही रुग्णांना तज्ज्ञ नुसते देखरेखीखाली ठेवतात. याचा अर्थ डॉक्टरांनी हात टेकले असा घरचे घेतात, आणि ते ऐकताना मला फार वाईट वाटते, कारण अशा रुग्णांत लगेच केमोथेरपी दिल्याने आयुष्य वाढत नाही, असे जुन्या चाचण्यांत स्पष्ट झालेले आहे. त्यांनी तपासणीच्या तारखा मात्र चुकवू नयेत. एखादी गाठ अचानक झपाट्याने वाढू लागली, ताप किंवा रात्रीचा घाम सुरू झाला, वजन उतरले, तर गणपती होईपर्यंत थांबू नये. आजाराने आक्रमक रूप घेतले असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा त्या गाठीची नव्याने बायोप्सी करून अंदाजही नव्याने मांडावा लागतो.