आता पाळणा थांबवू नका

लग्नाला तीन वर्षं झाली तरी ‘गोड बातमी’ नाही, याची काळजी आजवर सासूबाई, शेजारच्या काकू आणि हळदीकुंकवाला आलेल्या अनोळखी बायका वाहत होत्या. आता त्यांच्या मदतीला मुख्यमंत्री धावून आले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्रचे चंद्राबाबू नायडू म्हणाले, मुलं जास्त होऊ द्या. लगोलग तमिळनाडूच्या स्टालिननी एका सामुदायिक विवाहात नवरानवरींसमोर सोळा मुलांचा आकडा काढला. (तमिळ आशीर्वादात सोळा प्रकारची संपत्ती असते. आपल्या ‘अष्टपुत्रा’च्या बरोबर दुप्पट. आणखी एका बाबतीत आपण मागे पडलो.) डिसेंबर उजाडतो न उजाडतो तोच नागपुरात सरसंघचालक मोहन भागवतांनी किमान तीन हवीत असं सांगितलं.

नायडूंना मुलगा एकच, स्टालिनना मुलं दोन आणि भागवत प्रचारक, असले हिशेब तुम्ही करत बसू नका. पोहायला शिकवणारा काठावरच उभा असतो.

तुम्ही आधी खरं गणित समजून घ्या. एका बाईमागे सरासरी २.१ मुलं झाली की लोकसंख्या आहे तिथे टिकते, असं शास्त्र सांगतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा आकडा निघाला २.०, महाराष्ट्राचा १.७, गोव्याचा १.३ आणि सिक्कीमचा १.१. म्हणजे महाराष्ट्रात बाईमागे ०.४ मूल कमी पडतंय. ०.४ म्हणजे मुलाचा नेमका कोणता भाग, ते पाहणीत दिलेलं नाही. आमच्या अनुभवाप्रमाणे रात्री तीनला उठून भोकाड पसरणारा भाग आधी येतो, अभ्यासाला बसणारा भाग शेवटपर्यंत येत नाही.

मग घरातल्या जुन्या समजुती आवरायला घ्या. तुमच्या आईवडिलांनी लाल त्रिकोण आणि ‘हम दो, हमारे दो’ बघत संसार केला. १९७६ साली तर याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीने नसबंदी करायचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून बारगळलं, नाहीतर आज ज्याला राष्ट्रकार्य म्हणतात त्याच्या पुढच्याच पायरीवर पोलीस उभा असता. त्या काळात शिबिरातून जाऊन आलेले एखादे काका तुमच्या नात्यात असतील. त्यांना फोन करून ‘सरकारचा विचार बदललाय’ असं कळवू नका. वय झालंय, चिडतात.

आता मुद्द्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे. ती सोडा आणि जिथे भाव चांगला तिथे करा. सिक्कीम सरकारने २०२३ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना दुसऱ्या मुलाला एक आणि तिसऱ्याला दोन वेतनवाढी जाहीर केल्या. आंध्रात विजयनगरमच्या खासदारांनी २०२५ मध्ये तिसरी मुलगी झाली तर ५०,००० रुपये आणि तिसरा मुलगा झाला तर गाय देईन असं सांगितलं. यात मुलगी भाग्याची की मुलगा, यावर घरात वाद घालण्यापूर्वी गाय बांधणार कुठे ते बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आधीच दोन स्कूटर दुहेरी लागतात.

परदेशी जायची तयारी असेल तर दक्षिण कोरिया बघा. तिथल्या एका बांधकाम कंपनीने २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांना दर मुलामागे १० कोटी वॉन देऊ केले, म्हणजे आपले सुमारे ६० लाख. सरकारचा खर्च निराळाच. एवढ्या दौलतजादानंतर देशाचा आकडा ०.७२ वरून ०.७५ वर गेला. चीनमध्ये पस्तीस वर्षं दुसऱ्या मुलाला दंड होता. आता तीन वर्षांचं होईपर्यंत मुलामागे वर्षाला ३,६०० युआन मिळतात, आणि १ जानेवारी २०२६ पासून कंडोमवर १३ टक्के कर लागला आहे. वाण्याकडे जायचा कंटाळा असलेल्यांमुळे तरी जन्मदर वाढेल, असा त्यांचा होरा असावा.

इतकं लांब कशाला, आपल्या दादरची गोष्ट घ्या. पारशी समाज घटतोय म्हणून केंद्राने २०१३ मध्ये ‘जियो पारसी’ योजना काढली. तिच्या जाहिरातींत लोकांना आज रात्री कंडोम वापरू नका, जबाबदारीने वागा, असं सांगितलं होतं. ज्या देशात जबाबदारीने वागणं म्हणजे नेमकं उलटं, असं पन्नास वर्षं भिंतींवर रंगवलं, तिथे ही जाहिरात वाचून माणसाने कोणत्या खिशात हात घालावा?

असो. तुम्ही महाराष्ट्रातच राहायचं ठरवलंत असं धरू. तर मग तिसऱ्याच्या आधी एक फाइल करा, कारण इथे सल्ला एका खिडकीवर मिळतो आणि नियम दुसऱ्या. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेल्या माणसाला ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका यांची निवडणूक लढवता येत नाही. आंध्रने असली अट नोव्हेंबर २०२४ मध्ये काढून टाकली. आपल्याकडे ती गावागावांत इमानाने पाळली जाते. निवडणूक जवळ आली की विरोधक उमेदवाराच्या घरातली पोरं मोजायला बसतात आणि धाकटं मामाकडे पाठवलं जातं. आमदार-खासदारांना मात्र ही अट नाही. तेव्हा तिसरं होणार असेल तर सरपंच व्हायचा क्षुद्र विचार सोडा आणि थेट मंत्रालयाकडे नजर ठेवा.

सरकारी नोकरी हवी असेल तर लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं. आपलं कुटुंब दोन मुलांवर थांबलंय, हे तिथे सही करून द्यायचं. ‘लेक लाडकी’ योजनेत मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळतात, पण मधल्या हप्त्याला कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचा दाखला मागतात. आणि बाळंतपणाची रजा? पहिल्या दोघांना २६ आठवडे, तिसऱ्याला १२. कायदा करणाऱ्यांचं निरीक्षण बारीक आहे. पहिल्या दोघांना वाढवून दमलेल्या बाईला विश्रांतीची सवय लागली तर काय घ्या.

बाकी अडचणी किरकोळ. वन बीएचकेत पाच माणसं झोपवायची तर दिवाणाखालची जागा अजून कुणी वापरलेली नसते. प्लेग्रुपची फी विचारायला नवऱ्याला पाठवा, त्याला एकदा कळू दे. तीन मुलं घेऊन विरार लोकलमध्ये चढायचा सराव आधी बादल्या घेऊन करता येईल. पाळणाघर मिळत नसेल तर आजी आहे. आजीचे गुडघे हा विषय सध्या राष्ट्रहिताच्या आड आणू नये. मुलं होऊ द्या म्हणणाऱ्या एकाही भाषणात मी ‘पाळणाघर’ हा शब्द ऐकला नाही, हे माझ्या कानाचं दुर्दैव असेल. आणि नोकरी बाईनेच सोडायची असते, हे कुठल्याही परिपत्रकाशिवाय सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे त्यावर कागद खर्च करत नाही.

तरीही देशाला तीन द्यायची, रजा वाचवायची आणि सरपंचपदही घालवायचं नाही, असं म्हणत असाल तर वाट आहे. कायद्यातच आहे, पण कुणी सांगत नाही. एकच मूल असलेल्या जोडप्याला पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली तरी ती सगळी मिळून एक धरली जातात. तेव्हा पहिलं एक होऊ द्या आणि दुसऱ्या खेपेला जुळी आणा. तिळी आणलीत तर तमिळनाडूशी अंतर थोडं कमी होईल. ‘लेक लाडकी’लाही जुळ्या मुली चालतात.

फक्त डॉक्टरांना आधीच बजावून ठेवा, दोन्ही बाळं रात्री बाराच्या आत बाहेर यायला हवीत. दाखल्यांवर तारखा वेगवेगळ्या पडल्या, तर बाळंतपण एकच होतं हे कचेरीतल्या कारकुनाला पटवता पटवता थोरल्याचं लग्न होईल. आणि ते झालं की तिसऱ्या वर्षी सासूबाई त्याच्या बायकोला विचारायला तयारच असतील. म्हणजे तुम्ही.